ओळंबेबुवांची दुपार

ओळंबेबुवा कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे बघायचे. नमस्कार नंतर. खिशातून दोरीला बांधलेला पितळी ओळंबा काढायचा, एक डोळा मिटून तो समोर धरायचा आणि यजमानाला सांगायचं, "भिंत झुकली हाये तुमची." माझ्या लग्नात त्यांनी मांडवाचे खांब असेच तपासले आणि माझ्या सासऱ्यांना तोंडावर सांगितलं की मांडववाल्यानं तुम्हाला फसवलं. ते खरं होतं. त्यांचं बहुतेक सगळं खरंच असायचं, आणि म्हणूनच तो माणूस मला डोळ्यांसमोर नको व्हायचा.

जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त होऊन ते नागपूरच्या महाल भागात एका तिसऱ्या मजल्यावर राहत. स्वतः आरसा घासून त्यांनी दुर्बीण बनवली होती. तिचा स्टँड नळाच्या पाइपांचा, सुटा करून सायकलरिक्षात घालता येईल असा. मी तेव्हा एका कॉलेजात भौतिकशास्त्राचा तात्पुरता डेमॉन्स्ट्रेटर होतो. दुर्बीण शिकायची म्हणून दर रविवारी त्यांच्या गच्चीवर जायचो. पहिले तीन महिने मला तिच्यातून काहीही बघू दिलं नाही. नुसता स्टँड लावायचा आणि मोडायचा.

या स्टँडचा एक दांडा नेमका ध्रुवाकडे रोखावा लागतो. तो बरोबर लागला की अंशांच्या दोन चकत्या फिरवून हवा तो तारा भिंगात आणता येतो. बुवांचा दंडक होता सात मिनिटांचा. सातव्या मिनिटाला काम झालं नाही की ते चपलेनं स्टँडचा एक पाय सरकवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा लाव." झालं असेल तरी केसभर चूक काढायचे आणि पुन्हा पाय सरकवायचे. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका हसायच्या. मी पदवीधर होतो आणि हा मॅट्रिक झालेला म्हातारा मला चपलेनं शिकवत होता.

दिवसा ध्रुव दिसत नाही. तेव्हा ओळंब्याची सावली धरायची. सूर्य सगळ्यात उंच आला की ती सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते. बुवांनी गच्चीवर बांबूच्या हुकाला ओळंबा टांगून, त्याच्या दोरीला एक गाठ मारून ठेवली होती. सकाळी गाठीची सावली कुठे पडली, दुपारनंतर तेवढ्याच लांबीची कुठे पडली, हे बघून ते मधोमध रेघ आखायचे. अख्खा दिवस जायचा. दिवाळीच्या सुट्टीत मी वैतागून म्हणालो की बुवा, यात एवढं काय, रेडिओवर घड्याळ लावायचं आणि बाराच्या ठोक्याला सावलीवर खूण करायची. "रेडिओ अलाहाबादकडचा टाइम सांगते गा," ते म्हणाले, "सूर्य नागपूरचा हाये."

मी हट्टानं बाराला खूण केली. ती त्यांच्या रेघेवर जवळजवळ बरोबर बसली. त्या खुणेवर स्टँड लावला आणि भर दुपारी, निळ्या आकाशात शुक्राची पांढरी कोर भिंगाच्या कडेला आली. मी चार लोकांसमोर हसलो. म्हणालो की बुवांचा सूर्यसुद्धा रेडिओ ऐकतो. बुवा फक्त "ठीक हाये" म्हणाले. हरलेला माणूस बघायला मिळाला याचा मला आठवडाभर आनंद पुरला.

फेब्रुवारीत आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. दोन डेमॉन्स्ट्रेटरांपैकी एकाला कायम करायचं होतं आणि प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की पाहुण्यांना दुपारी शुक्र दाखवलास तर तुझं नाव पुढे करायला मला तोंड राहील. घरी बायकोला सातवा महिना होता. दुर्बीण अर्थात बुवांची. ते द्यायला तयार झाले, पण निरोप पाठवला की आधीच्या रविवारी बाराच्या आत गच्चीवर ये, काही दाखवायचं हाये. पुन्हा पाय सरकवणार, दुसरं काय! मी ताप आल्याचं कळवलं आणि सिनेमाला गेलो.

प्रदर्शनाच्या दिवशी बाराला खूण केली, सहा मिनिटांत स्टँड लावला आणि चकत्या फिरवून भिंगाला डोळा लावला. नुसतं निळं. उजवीकडे निळं, डावीकडे निळं. पाहुणे रांगेत उभे, प्राचार्य घड्याळ बघतायत, आणि दुर्बिणीसोबत आलेले बुवा कडुनिंबाखाली खुर्चीत बसून शेंगा सोलतायत. शेवटी सगळा अपमान गिळून मी त्यांच्याकडे गेलो.

"बुवा, काय चुकलं?"

"मले काहून विचारतं? घड्याळाले विचार."

पाहुणे जेवायला निघून गेले. बारा अठ्ठावीस झाले तेव्हा बुवा उठले, ओळंबा धरला, तेव्हाची सावली बघून स्टँडचा पाय चपलेनं चांगला वीतभर सरकवला आणि बाजूला झाले. शुक्र भिंगाच्या मधोमध होता. तो मी बघितला आणि कॉलेजच्या चपराशानं बघितला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "आधी का नाही सांगितलं?"

"बलावलं होतं ना तुले," ते म्हणाले आणि स्टँड सुटा करायला लागले.

कायम झाला तो दुसरा. मला उमरेडला शाळेत नोकरी धरावी लागली, आणि रोज एसटीचे धक्के खाताना मी बुवांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असे. एका शब्दानं माझं भलं झालं असतं. तो शब्द त्यांनी शेंगांबरोबर चावून खाल्ला, असंच मी सगळ्यांना सांगायचो.

सहा वर्षांनी, तेही फेब्रुवारीतच, बुवा गेल्याचं कळलं. बायकोनं ढकललं म्हणून भेटायला गेलो. खाली बायका बसल्या होत्या, म्हणून मी गच्चीवर गेलो. ओळंबा अजून हुकाला लटकत होता. खाली त्यांची रेघ होती, आणि रेघेपाशी माझी दिवाळीतली खूण. तिच्यावर लाल तेलरंगाचा ठिपका दिला होता. तिथून पुढे ठिपक्यांची ओळ निघाली होती, आठवड्याला एक, प्रत्येकाशेजारी त्यांच्या बारीक अक्षरात तारीख आणि "रेडिओचे १२". एकेक ठिपका रेघेपासून लांब सरकत गेला होता, म्हणजे दिवाळीत घड्याळाच्या बाराला सगळ्यात उंच येणारा सूर्य फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ अर्धा तास मागे पडला होता. शेवटचा सगळ्यात लांब होता, आणि त्याची तारीख मी सिनेमाला गेलो त्या रविवारची होती. त्यापुढे एकही ठिपका नव्हता.

माझ्या घड्याळात बारा वाजले तेव्हा दोरीच्या गाठीची सावली त्या शेवटच्या ठिपक्यावर येऊन बसली. खालून बायकोनं हाक मारली. मी थांब म्हणालो. एवढी तीन महिने ठिपके देण्याची उठाठेव करायची, आणि त्या दिवशी कडुनिंबाखाली तोंड उघडायचं नाही! शिव्या देत मी उन्हात उभा राहिलो, सावली रेघेवर येईपर्यंत.