बोऱ्यात उगवलेली रेघ

माझ्या बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खाट ताणणं. दोरी तिच्या हातात, शिव्या माझ्या तोंडात.

"जोरानं ओढ ना!" मी म्हटलं.

"तुमच्यात जोर असता तं मी कायले ओढली असती?" ती म्हणाली.

खाट ताणून झाली. ती वर बसली, दोनदा उसळून पाहिलं, म्हणाली, "आता वर्षभर पाहाचं काम नाई." दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत कळ आली, तिनं पाणी मागितलं, आणि मी पाणी आणेपर्यंत गेली. खाट अजून ताठ आहे.

पण मी इथं रडायला बसलो नाही. (ते मी तलावाच्या पाळीवर म्हशीसमोर करतो. म्हैस कोणाला सांगत नाही.) मी सांगायला बसलो आहे माझी फजिती. मी चौथी शिकलो, त्यातली तिसरी दोनदा. लिहिण्यात चुका सापडल्या तर त्या मास्तरच्या समजा.

आमचं गाव करडीच्या बाजूला, सगळं धानाचं. घरात आता तिघं: मी, मुलगा प्रमोद आणि सून कविता. पोरगी छाया लाखांदूरला दिली आहे. प्रमोदच्या लग्नाला सहा वर्षं झाली, घरात लेकरू नाही. भंडाऱ्याचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले, गोळ्या झाल्या. कविता काही बोलत नाही. पण कोणाच्या बारशाला जाऊन आली की त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडते. आम्ही दोघं बाप-लेक चूपचाप खाऊन घेतो आणि रात्रभर पाणी पितो.

आता धानाचं सांगतो, कारण सगळा घोळ धानापासूनच झाला. पेरणीच्या आधी बियाणं उगवते की नाही ते पाहावं लागते. मूठभर दाणे ओल्या बोऱ्यात, म्हणजे गोणपाटाच्या तुकड्यात, गुंडाळायचे, कोपऱ्यात ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. हे काम आमच्या घरी अनसाचं होतं. (अनसा म्हणजे माझी बायको. कागदावर अनसूया, पण एवढं लांब नाव हाक मारता मारता बाई शेजारी निघून जाते.) मला ती बोऱ्याला हात लावू देत नसे. मी दिवसातून चारदा उघडून पाहत असे म्हणून! "आज नाई उगवलं तं उद्या उगवंल. मुकाट्यानं राहा," असं म्हणत असे.

या वर्षी पहिल्यांदा बोरा मी बांधला.

त्याच दिवशी दुपारी कविता न्हाणीतून बाहेर आली, उकिरड्यावर काहीतरी फेकलं आणि गोठ्यात गेली. गोठ्यात म्हैस नव्हती, काम नव्हतं, तरी ती खूप वेळ बाहेर आली नाही. मी राख टाकायला उकिरड्यावर गेलो तर समोर पांढरी प्लास्टिकची पट्टी. मधल्या खिडकीत लाल रेघ. एकच.

एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे आहे, एवढं मला ठाऊक होतं. टीव्हीवाले सगळं दाखवतात. फक्त त्या पट्टीचं करायचं काय, ते दाखवत नाहीत. (हे 'फक्त' मला पुढं फार महागात पडलं.)

मी त्या पट्टीकडं पाहिलं आणि मला राग आला. पोरीनं पाच मिनिटं पाहिली आणि फेकून दिली! अरे, धानालाही मोड यायला तीन-चार दिवस लागतात, हे तर माणूस आहे! मी पट्टी धोतराला पुसली आणि बोऱ्यात दाण्यांच्या बाजूला गुंडाळून ठेवली. वरून पाणी शिंपडलं. थोडं जास्तच शिंपडलं, घरचं काम म्हणून.

दोन दिवस मी बोऱ्याला हात लावला नाही. माझ्या जन्मात असं झालं नव्हतं. तिसऱ्या सकाळी उघडला. दाण्यांना पांढरे मोड आले होते. आणि पट्टीच्या खिडकीत पहिल्या रेघेच्या बाजूला दुसरी! फिकट, बारीक, पण होती.

"अनसा!" मी ओरडलो. "वं अनसा, उगवली!"

स्वयंपाकघरातून कोणी बोललं नाही. मी दारात उभा राहिलो. चूल विझलेली होती. ज्या बाईला सांगायचं ती नव्हती, आणि बातमी तर तोंडात मावत नव्हती. मग मी पट्टी खिशात टाकली आणि दिसेल त्याला सांगत सुटलो.

पहिला नामदेव सापडला, चौकातला चहावाला.

"काय काकाजी, आज एवढे खुशीत?"

"आजा होऊन राहिलो बाप्पा!"

"कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? हे पाय!"

मी पट्टी काढली. नामदेवनं ती चहाच्या फडक्यानं स्वच्छ पुसली, चष्मा लावून पाहिली आणि बाकावर बसलेल्यांकडं दिली. पट्टी हातोहात फिरली. एकानं उन्हात धरली. एकानं वास घेतला. एक जण म्हणाला, "पन हे चालते कशी जी?"

आता ठाऊक नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. मी म्हणालो, "सोपं हाये. ताप पाहाची कांडी असते ना, तशी जिभेखाली धराची." आणि लोकांना नीट कळावं म्हणून मी ती पट्टी जिभेखाली धरून दाखवली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. विज्ञान कुठं पोहोचलं, यावर थोडी चर्चा झाली.

तिथून मी छायाला फोन लावला. "छाया, तुही भावजय..." एवढंच बोललो तर तिकडं पोरीनं रडायला सुरुवात केली. "बाबा, मी निघालीच!" म्हणाली आणि लाखांदूरहून एसटीत बसली. इकडं शेजारच्या शेवंतावहिनी आपल्या नातवाचा लाकडी पाळणा धुऊन घेऊन आल्या आणि आमच्या ओसरीवर ठेवून गेल्या. "खटमल नाईत," असं दोनदा सांगितलं. तेव्हाच मला त्या पाळण्याची शंका यायला पाहिजे होती. नामदेवनं जिलेबी पाठवली. दुपारपर्यंत पोराचं नाव काय ठेवायचं यावर गल्लीत दोन पार्ट्या पडल्या!

एका माणसाला मात्र काहीच माहीत नव्हतं. कविताला.

ती सकाळीच बचत गटाच्या मीटिंगला गेली होती. तिथं बायांनी तिच्या तोंडात साखर कोंबली. ती घरी आली तेव्हा साखर ओठाला तशीच चिकटलेली होती. तिनं ओसरीवरचा पाळणा पाहिला आणि उंबरठ्यातच थांबली.

"मामाजी, हे गावात कोनं सांगतलं?"

"मीनं!" मी छाती फुगवून पट्टी पुढं केली. "हे पाय बेटा. तू घाई केली. उगवली ना!"

तिनं पट्टी हातात घेतली. "हे तं मी फेकली होती. कुठून आनली तुम्ही?"

"उकिरड्यावरून. बोऱ्यात ठेवली होती, धानासंग."

"बोऱ्यात?"

"पानी शिंपडलं ना वरून."

"मामाजी," ती हळू आवाजात म्हणाली, "हे काय धान हाये का?"

तिनं सांगितलं, पट्टी पाच मिनिटांत पाहायची असते. त्यानंतर वाळून, ओली होऊन काहीही उमटलं तरी ती रेघ धरत नाहीत. डबीवर लिहून आहे. एवढं बोलली आणि पाळण्याच्या बाजूला खाली बसली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "आता मी कोनाकोनाले सांगत फिरू का नाई हाये म्हनून?"

तेवढ्यात प्रमोद शेतातून आला. दारातच चार लोकांनी त्याची पाठ थोपटली होती. बायकोचं तोंड पाहून त्याला सगळं कळलं.

"बाबा, तुमच्या तोंडाले काही झाकन हाये का नाई?"

"नाई," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

मागून छाया आली, पिशवीत बांगड्या, हिरवं लुगडं आणि डिंकाचे लाडू. तिच्या मागून, बातमी ऐकून आलेली उपकेंद्राची नर्सबाई. कवितानं छायाला पाहिलं आणि आता मात्र रडली. दोघी गळ्यात पडून रडल्या. एक आनंदानं, कारण तिला अजून कोणी सांगितलंच नव्हतं!

नर्सबाईनं पट्टी पाहिली, माझा बोरा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "काकाजी, बोऱ्यात भिजवून ठेवली तं रेघ काय, रांगोळी निघंल! ही पट्टी कामाची नाई." मग कविताकडं वळली. "तू कधी पाहिलं होतं?"

"परवा दुपारी. वावरातून आल्यावर."

"पानी प्याली होती?"

"दोन तांबे. ऊन होतं ना."

"पाळीची तारीख टळून किती झालं होतं?"

"टळली कुठं? त्याच दिवशी होती. दम नाई निघाला. अजून तं आलीच नाई."

"घ्या!" नर्सबाई म्हणाली. "सासऱ्याची 'हो' खोटी, पन तुही 'नाई'बी पक्की नाई. एवढ्या लवकर, अन् दुपारची पानी पिऊन पातळ झालेली लघवी. त्यात असलं तरी दिसत नाई कधी कधी. आठ दिवस थांब. सकाळची पहिली घे, पाच मिनिटांत पाय, अन् मंग दवाखान्यात रक्त दे. तवरक 'हो'बी नाई, 'नाई'बी नाई."

सगळं घर ऐकत होतं. मी मात्र एकाच शब्दावर अडकलो होतो.

"नर्सबाई, लघवी कायले?"

"कायले म्हंजे? पट्टीवर तेच तं टाकतेत, काकाजी!"

मी उठलो आणि बोरिंगवर गेलो. किती चुळा भरल्या ते विचारू नका. पाठीमागून छायाचं हसणं ऐकू आलं, मग प्रमोदचं, आणि शेवटी कविताचं. पोरगी किती महिन्यांनी अशी हसली होती! मी आणखी दोन चुळा भरल्या, गरज नव्हती तरी. (नामदेवला मी त्याच्या फडक्याचं अजून सांगितलेलं नाही. चहा चांगला करते बिचारा.)

मग ते आठ दिवस. पाळणा मी परत नेऊन दिला, घरोघरी जाऊन "माही चूक झाली" म्हणून आलो. लोक हसले, चहा पाजला, कविताला कोणी बोललं नाही. भाजीत मीठ कधी दोनदा, कधी पडलंच नाही. मी कोणत्याच बोऱ्याजवळ गेलो नाही.

नवव्या दिवशी दोघं नवरा-बायको सकाळीच करडीच्या दवाखान्यात गेले. दुपारी परत आले. कवितानं पिशवी ठेवली, हातपाय धुतले, मला पाणी आणून दिलं आणि समोर उभी राहिली.

"मामाजी, पट्टीवर दोन आल्या. पाच मिनिटांच्या आत, लाल भडक. रक्तातबी हाये म्हनते डॉक्टरीनबाई."

मी पाणी न पिताच गिलास खाली ठेवला आणि बाहेर जायला वहाणा शोधू लागलो.

"पन ऐका," ती म्हणाली. "सुरुवातीचे दिवस नाजूक असतेत. तीन महिने कोनाले सांगाचं नाई. मागच्या वेळेसारखं मले गावभर तोंड लपवाची वेळ आनू नका. एक शब्द नाई."

"नाई बेटा. अनसाची शपथ."

"आत्याबाईची शपथ तुम्ही तमाखू सोडाचीबी घेतली होती."

"हे खरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि नेहमीसारखा नामदेवच्या टपरीवर जाऊन बसलो. तोंडातून चुकून काही निघू नये म्हणून गालात तमाखू-सुपारीचा खर्रा गच्च भरला होता.

"काकाजी, पाऊस कसा राहीन यंदा?"

मी मान हलवली.

"भाव काय मिळन धानाले?"

मी आभाळाकडं बोट दाखवलं.

"सरपंच कसा वाटते?"

आता सरपंचावर मी सकाळी बोललो नाही तर मला दिवसभर ढेकर येतात. तरी चूप! नामदेवचा हात केटलीवरच थांबला. बाकावरच्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग नामदेव हळूच म्हणाला, "बुढा चूप हाये... म्हंजे ह्या खेपेला पक्कं हाये!"

मी घरी पोहोचायच्या आधी शेवंतावहिनी पाळणा घेऊन ओसरीवर हजर! आणि दारात कविता, कमरेवर हात. मी खर्रा थुंकून शपथेवर सांगितलं की मी एक अक्षर बोललो नाही, आणि ते खरं होतं. पट्टी दाखवत गावभर ओरडलो, तेव्हा लोकांसमोर खोटा पडलो. एक सकाळ गप्प बसलो, तर बिनपट्टीचा निकाल लावून मोकळे झाले!