नसलेला पर्यटक
इस्त्रीच्या खाकी कापडाचा वास आला की नागझिरा अभयारण्याचं गेट आठवतं. सफारी बुकिंगची एपीआय, म्हणजे बुकिंग स्वीकारणारी संगणक-यंत्रणा, तपासताना, एकच बुकिंग दोनदा पाठवलं तर ती दुसरं नाकारते का, हे मी बघत होतो. पण चाचणीच्या सर्व्हरऐवजी पत्ता खऱ्या सर्व्हरचाच राहून गेला. सकाळी लक्षात आलं, तोवर एका गाइडला फेरीचा मेसेज गेला होता. तसाच गेटवर पोचलो, तर कडक इस्त्रीच्या खाकीत तो उभा. या फेरीसाठी दुसऱ्या जिप्सीवरची आपली पाळी त्याने सोडून दिलेली. “तुमीच का पर्यटक? वाटच पाहून राहिलो,” तो म्हणाला. मी “हो” म्हणून गेलो आणि तिकीट काढलं. दुसरं बुकिंगही लागलं असेल, तर आणखी कोण कुठे थांबलं असेल, याच धास्तीत जंगल सरलं. उतरताना त्याने विचारलं, “वाघ नाई दिसला, म्हून नाराज का?” खरं कारण मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.