चढावर थांबलेली लॉरी

परवा नातवाच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना तो वास आला आणि मला कळमनुरीजवळचा चढ आठवला. निजामाचं राज्य होतं. पहिल्या बाळंतपणात अडले म्हणून आई मला कापसाच्या लॉरीतून नांदेडच्या दवाखान्यात नेत होती. चढावर इंजिनाचा जोर कमी होत गेला आणि लॉरी थांबली.

“काहून थांबलात?” आईनं रडवेल्या आवाजात विचारलं.

“पेट्रोल बराबर येऊन न्हाई राहिलं, माय,” ड्रायव्हर रहीमचाचा म्हणाले. त्यांनी नळी सोडवून तोंडानं जोरात फुंकली. अडकलेला कचरा निघाला आणि लॉरी चढ चढली.

तेव्हा लॉरी मधेच थांबली म्हणून मला त्यांचा रागच आला होता. आज मात्र पेट्रोलची नळी तोंडाला लावून जिवाच्या आकांतानं फुंकणारे रहीमचाचा दिसतात. माझी लेक रडल्याचं ऐकू येईपर्यंत ते दवाखान्याच्या दारातून हलले नाहीत, असं आईनं नंतर सांगितलं.