मैनाबाईचं बाहेरचं

मैनाबाई माळ्याची लेक. भातकुलीला बापाच्या मळ्यात, वांगी-मेथीच्या वाफ्यांत वाढलेली. पुढं सातासमुद्रापलीकडं गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. बाप गेल्यावर भावानं मळा मोडून कापूस पेरला. नवरा पुंजाराम तिला आणि आपल्या आईला घेऊन अमरावतीत आला, आणि सासू-सून एका वखारीत कापसातली सरकी काढायच्या रेच्यावर बसल्या. दिवसभर रेचा फिरवायचा. सरकी इकडं, रुई तिकडं. वाऱ्यानं रुई उडते म्हणून खोलीची दारं बंद. अहो, खिडकीच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबलेल्या.

तीन सुग्या अशा गेल्या. मैनाबाईची अन्नावरची वासना गेली, झोप उडाली, छाती रात्रभर घरघरायची. एके दिवशी भर दुपारी ती रेचा सोडून उठली आणि तडक गावाबाहेर कोणाच्या तरी वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसली. पुंजारामानं शोधून काढली तेव्हा ती तिथंच मातीत गाढ झोपली होती.

सासू पार्वताबाईनं कपाळाला हात लावला. "हिले बाहेरचं लागलं."

"मले काई लागलं नाई, आत्याबाई," मैनाबाई म्हणाली. "खुल्यात मले दम घेता येते, बस."

पण भूत लागलेल्या बाईचं कोण ऐकतं? आणि बाहेरचं लागलं म्हणजे बाहेर सोडायची नाही, हा तर कायदाच. दुपारी नको, तिन्हीसांजेला नको, झाडाखालून तर नकोच नको. जिला बाहेर पाहिजे तिलाच बाहेरच्या भीतीनं कोंडून ठेवली. डोकं म्हणून काही असतं की नाही माणसांना? पंधरा दिवसांत ती वाळून काडी झाली.

शेवटी शेजारच्या सत्यभामेनं सांगितलं, रिद्धपूरला न्या, तिथं देवापुढं बाहेरचं उतरतं. भर सुगीत कापसाची भाडी सोडून गाडी जुंपणं पुंजारामाच्या जिवावर आलं, पण बायको हातची जाईल म्हणून निघाला. दोन दिवस उघड्या गाडीतून वाट. दोन्ही अंगांना तुरीची शेतं. पहिल्याच मुक्कामी मैनाबाईनं दीड भाकर खाल्ली. रिद्धपुरात आठ दिवस लिंबाखाली बिऱ्हाड. सकाळी देवाला जायची, मग जवळच्या मळ्यात मेथी खुडू लागायची. छातीची घरघर थांबली, उन्हं वर येईपर्यंत झोप लागू लागली. "उतरलं बाप्पा," पुंजाराम म्हणाला, आणि तिला परत आणून रेच्यावर बसवली.

महिनाभरात पुन्हा तेच. आता मात्र ती शहाणी झाली होती. खरं बोलून कोंडूनच घेतलं होतं ना? मग एका पुनवेला तिनं केस मोकळे सोडले आणि घुमली. लाज वाटली तिला, फार वाटली. चार दिवसांच्या वाऱ्यासाठी स्वतःला भूत म्हणवून घ्यायचं, हे काय जिणं झालं? पण गाडी जुंपली गेली. पुढच्या खेपेलाही गेली.

त्या खेपेहून परतल्या दिवशी पुंजाराम बैल बांधायला गेला, तेव्हा पार्वताबाई सुनेजवळ सरकून बसली. बुढीची छातीही केव्हापासून घरघरत होती, पण तिला विचारतो कोण.

"किती दिस झाले, मले झोप नाई मैना," ती खाली पाहत हळूच म्हणाली. "घुमाचं कसं, थे मलेबी शिकव."