वासानं सापडलेलं धुळं

लग्नानंतर सहा वर्षं धुळ्यात राहिले, पण घर आणि पाणवठा सोडून मी गाव पाहिलं नव्हतं. बाजार सासूबाई करायच्या. मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली, तेव्हा त्यांचा हात धरून मला जावं लागलं. "डोया तुना, पाय मना," त्या म्हणायच्या, डोळे तुझे, पाय माझे. वळणं त्याच सांगत. भडभुंज्याच्या फुटाण्यांचा वास आला की डावीकडे, मग पुढे घाण्याच्या तेलाचा आला की उजवीकडे.

एका सकाळी त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली. "मिरच्या आण. एकलीच जाय. चुकनी तं पुढे घरमाच बस."

मिरच्या घेतल्या आणि परतताना चुकलेच. तिथल्या गल्ल्या सगळ्या सरळ, एकीसारखी दुसरी. घरात बसायची मला आता हौस नव्हती. नाक वर करून उभी राहिले.

"काय वं पोरी, वाट चुकनी का?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही आबा, वास घेतेय."

तो हसत राहिला. मला आधी तेलाचा वास लागला, मग फुटाण्यांचा. जातानाच्या उलट वळले: तेलापाशी डावीकडे, फुटाण्यांपाशी उजवीकडे.

सासूबाई ओट्यावरच बसल्या होत्या. उशीर का झाला हे विचारलं नाही. "काय काय दिखनं?" एवढंच म्हणाल्या. मिरच्या निवडत मी सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पिशवी मीच उचलली.