रंगमंचावरचा हॉल

कॉलेजची एकांकिका बसवताना मी तिच्यातला राजवाडा उचलून नव्वदच्या दशकातल्या फ्लॅटमध्ये नेला होता. त्यासाठी कर्वेनगरातल्या एका काकांनी हॉलमधलं सगळं सामान दिलं, कारण त्यांची इमारत पुनर्विकासासाठी पाडणार होते. टेम्पोत चढवलेल्या टीव्हीवरचं क्रोशाचं कव्हर त्यांनी स्वतः सरळ केलं.

"काका, जुना काळ अगदी जिवंत होईल बघा," मी म्हणालो.

"जुना? अहो, आमच्याकडे आज सकाळपर्यंत चालू होता."

प्रयोगात पडदा उघडला आणि तो हॉल पाहून प्रेक्षक हसले. पहिल्या रांगेतले काका हसले नाहीत. नंतर ते सेट बघायला आले. विंगेतून थेट येता आलं असतं. पण वळसा घालून ते आमच्या प्लायवुडच्या दारापाशी गेले, चपला बाहेर काढल्या आणि मग आत आले.