दत्ताच्या तापाचे तीन दिवस

दत्ताला ताप आहे, हे मला तीन दिवस माहीत होतं.
त्याच्या घरी कुणालाच नव्हतं.

आज आठ वर्षं झाली. दरवर्षी या दिवशी मी त्याचा हसरा फोटो टाकते, खाली 'मिस यू दत्त्या' लिहिते आणि तुम्ही सगळे हार्ट देता.
यंदा फोटो नाही. यंदा खरं काय ते लिहिते.

दत्ता माझा लॅब पार्टनर. मेकॅनिकल, थर्ड इयर. पुण्याजवळच्या मांजरी गावाहून दोन बस बदलून यायचा. घरची शेती गेली होती, तिथे टॉवर उभे होते. घरातला पहिला इंजिनिअर होणार म्हणून अख्ख्या भावकीचं लक्ष त्याच्यावर.

आणि ह्याला करायची होती ॲनिमेशन फिल्म. कागदावर, हाताने काढून.
त्यांच्या मळ्यातली विहीर बिल्डरने बुजवली, त्या दिवसाची. चार मिनिटांची.
एका सेकंदाला बारा चित्रं.

"वेडा आहेस का? दोन विषय आधीच राहिलेत तुझे."
"विसरायच्या आत काढायचीय गं. कठड्याचा दगड कुठल्या बाजूला निसटला होता, ते आत्ताच नीट आठवत नाही."

मग आमचं ठरलं. त्याची जर्नल्स मी लिहायची, माझ्या ड्रॉइंगच्या शीट्स त्याने काढायच्या.

सबमिशनचं निभावलं, अटेंडन्सचं नाही. डिटेन करणार म्हणून एचओडींनी त्याच्या वडिलांना बोलावलं. मी जर्नल्सवर सही घ्यायला तिथेच उभी होते.
काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. खुर्ची असून उभेच राहिले.
"सर, पोरगं हुशार हाय. येवढ्या बारीला सांभाळून घ्या."
"हुशार आहे हो," सर म्हणाले. "आपण त्याला इंजिनिअर व्हायला पाठवलंय की चित्रकार, तेवढं एकदा त्यालाही कळवा."

त्या वेळी सरांनी सोडलं. केबिनच्या बाहेर काकांनी दत्ताकडून शब्द घेतला. चित्रं बंद.
त्याने दिला.

दुसऱ्या दिवशी सगळे कागद पिशव्यांत भरून कर्वेनगरला माझ्या घरी आणले. कॉलेज सुटलं की आमच्या डायनिंग टेबलावर दोन तास चित्रं, मग बस. घरी सांगायचा, लायब्ररीत होतो.
माझी आई पोह्यांची बशी पुढे सरकवायची. "आधी खा. मग जा घरी खोटं बोलायला."

नोव्हेंबरात ओरल्स आणि एका स्टुडंट फिल्म फेस्टिवलची शेवटची तारीख एकाच आठवड्यात आली.

सोमवारी तो आला तेव्हा डोळे लाल होते. अंग भाजत होतं.
"डॉक्टरकडे चल."
"डॉक्टर झोपून राहा म्हणणार. घरी कळलं की कोंडूनच ठेवतील. ओरल गेली तर वर्ष गेलं, आणि फिल्मपण गेली. नेहा, प्लीज. आईला फोन करू नको."

मी नाही केला.

पॅरासिटॅमॉलची स्ट्रिप दिली. आणि म्हटलं, "गुरुवारपर्यंत खेच कसंतरी."
हे शब्द माझे आहेत. ते मी आजवर कुणालाही सांगितलेले नाहीत.

गुरुवारी सकाळी ताप उतरला. "बघ, झालो की नाही बरा!" म्हणाला. हात गार पडले होते, कपाळावर घाम. मला वाटलं, सुटलो.
आता माहीत आहे, डेंग्यूत धोका कधीकधी तिथेच सुरू होतो.

ओरल दिली त्याने. बरी गेली म्हणाला. मग पोट धरून पॅसेजमध्येच खाली बसला आणि त्याला उठता येईना.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून?
काकू म्हणाल्या, "ताप? ताप कुठं व्हता त्याला?"
मी डॉक्टरांना बाजूला गाठून सांगितलं, सोमवारपासून. काकूंसमोर तोंड उघडलं नाही.

सगळा वर्ग प्लेटलेट्ससाठी फोन करत होता. तुमच्यातले बरेच जण होतात तिथे.
शनिवारी सकाळी दत्ता गेला. वीस वर्षांचा होता.

तेराव्यानंतर काका आमच्या घरी आले. "त्याचे कागद तुमच्याकडं हायत म्हणं."
मला वाटलं, फाडून टाकतील. ते टेबलाशी बसले आणि एकेक कागद उलटत राहिले.
"ही आमची हीर."
मग एका चित्रावर बोट ठेवून, "दगड ह्या अंगाला न्हाई, त्या अंगाला निसटला व्हता."
दत्ताने चुकीच्या बाजूला काढला होता. ज्यांना विचारायचं, त्यांच्यापासूनच तो ते लपवत होता.

उठताना काका म्हणाले, "म्या शब्द घेतला नसता तर घरीच बसून काढली असती त्यानं. माझ्या डोळ्यांसमोर असता, तर ताप दिसला असता मला."

तेव्हा बोलायला हवं होतं मी. नाही बोलले.
आठ वर्षं त्या माणसाने स्वतःला दोष दिला आणि मी तो देऊ दिला.

चित्रांचे फोटो काढून मी फिल्म जुळवली. अडीच मिनिटं होते, मग संपते. विहीर अर्धीच बुजते.

आज सकाळी मांजरीला गेले होते. दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं.
"काका, मला सोमवारपासून माहीत होतं. तो सांगू नको म्हणाला आणि मी ऐकलं."
काकू उठून आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत.
काका जमिनीकडे बघत म्हणाले,

"एक फोन करायचा व्हता, पोरी."
"हो काका."

त्यांनी माफ केलं, असं नाही.

कॉलेजात असाल आणि तुमचा कुणी मित्र तापात सबमिशन पूर्ण करत बसला असेल, तर त्याचं ऐकू नका. त्याच्या घरी फोन लावा. तो तुमच्याशी बोलणं टाकेल. टाकू दे.

दत्त्या, तुला श्रद्धांजली वाहायचा हक्क मला आहे की नाही, माहीत नाही.
तरी वाहते.